सातेरीचा कौल आणि दीड टनाचा एसी

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा कृष्णनाथ गावस अंगणात उघड्या अंगाने बसून वर्तमानपत्राने वारा घेत होते. फोन चंद्रावतीने उचलला, स्पीकरवर टाकला, आणि सुलोचनाबाईंचा पणजीचा गोड आवाज इब्रामपूरच्या अंगणात पसरला.

"विहीणबाई, सेजलला पहिल्या बाळंतपणाला माहेरी धाडायला आमची ना नाही हां. रीतच ती. पण मे महिन्यातली काहिली ठाऊक आहे ना? आणि तुमच्याकडे एसी नाही. आमच्या गौरेशला एसीशिवाय झोप येत नाही, त्याचं बाळ कसं राहणार? त्यापेक्षा ती इथंच राहू दे. तुम्ही या हो मधून मधून बघायला."

मधून मधून बघायला! चंद्रावतीने फोन ठेवला. खोलीत तिने शिवलेल्या गोधड्यांची चळत होती, डब्यात अळीव होते, आणि नातवंडाला तेल कोण लावणार यावरून ती शेजारणींशी भांडूनही झाली होती.

"एसी बसवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"बसवूया."

"बसवूया नको. बसवा. माझी चेडू पयल्या खेपेक हंयच येतली. ती नाय इली तर मी तुमका जेवूक घालूचंय नाय."

कृष्णनाथांना काळजी करायला कारण लागत नसे. डिचोलीच्या खाणीवर टाइमकीपर म्हणून त्यांचा जन्म गेला. भोंगा वेळेवर वाजेल की नाही या काळजीत ते भोंग्याच्या आधी तासभर जागे असत. निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, काळजी तेवढी राहिली. आता तिला चांगलं दीड टनाचं काम मिळालं.

दुसऱ्याच दिवशी म्हापशाहून बाबली फिटर आला. त्याने खोली बघितली, भिंतीवर टकटक केलं, आणि शेवटी पडवीतल्या मीटरसमोर उभा राहून जीभ चुकचुकली.

"काका, ह्या मीटरार एसी लावलात तर पयलो एसी पेटतलो, मगीर घर."

"अरे देवा! मग काय करूचा?"

"लोड वाढवन घेवचो. वीज कार्यालयात अर्ज करूक जाय. पण खरां सांगू? कोण करीत नाय. गावात इतके एसी लागले, एकान तरी विचारला काय? तुमी गप बसा, मी गुपचूप जोडून दितंय."

बाबलीने हे बोलायला नको होतं. "गुपचूप" हा शब्द ऐकताच कृष्णनाथांनी मीटरकडे पाहिलं. सेजल बाळाला घेऊन निजली आहे, मीटरमधून धूर निघतो आहे आणि विहीणबाई दारात उभ्या आहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यात धुरापेक्षा विहीणबाईच जास्त स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी शर्ट चढवला आणि पेडण्याची बस पकडली.

वीज कार्यालयात खिडकीमागे गोकुळदास नावाचा माणूस बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कृष्णनाथांकडे नीट निरखून पाहिलं.

"एसी बसवलात?"

"नाय. बसवच्या आदी विचारूक इलंय."

"आदी?" गोकुळदासने खुर्ची पुढे ओढली. "बरां आसा मां तुमका? कोणी तक्रार केली काय?"

"नाय हो. नियमान करूचा म्हणान."

गोकुळदासने शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारून कृष्णनाथ दाखवले. तोही उठून बघून गेला. मग गोकुळदास म्हणाला, "बरां. मीटर कोणाच्या नावार?"

"बापाशीच्या."

"तेंची सही आणा."

"ते वैकुंठाक गेले."

"मग कठीण आसा. घर वाटून घेतलांत?"

"मधी भिंत घातली हा. अर्ध्यात मी, अर्ध्यात माझो भाव."

"मगे भावाची हरकत नाय असां लिवन हाडा. एका सहीचा काम. भावच मां तो, दितलो."

कृष्णनाथ खिडकीला धरून उभेच राहिले. मोठा भाऊ बाबुराव भिंतीच्या पलीकडे राहत होता, त्याचा खोकलासुद्धा ऐकू येई. पण दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कुंपणावरच्या फणसाची एक फांदी कोणाच्या वाट्याची, यावरून ते सुरू झालं होतं. पुढे वादळात ती फांदी मोडून पडली, पण अबोला टिकून राहिला. बाबुरावाची बायको वारली, मुलगा दुबईला गेला, तेव्हासुद्धा दोघांचं बोलणं चंद्रावतीच्या तोंडून चाले.

आताही ती दोघांच्या मध्ये उभी राहिली. बाबुराव पायरीवर सुपारी कातरत होता, आणि कृष्णनाथ हाताच्या अंतरावर तुळशीकडे बघत होते.

"दादानु, एक सही जाय होती," चंद्रावती म्हणाली. "सेजल बाळंतपणाक येतली. खोलीत एसी बसवूचो हा."

"माझी काय हरकत?" बाबुराव अडकित्त्याकडे बघून म्हणाला. "पण मूळ पुरुषाचा घर ह्या. चिऱ्याक भोक पाडूचा तर आदी देवीक विचारूक जाय. बापायन गोठ्याची खुटी बदललेली, तेव्हा सुद्धा कौल लावलेलो. चंद्रावती, तुझ्या घोवाक सांग, देवी हो म्हणाली तर मी सही दितंय."

"तुझ्या दिराक सांग, लावतंय कौल!" कृष्णनाथ ताडकन म्हणाले, आणि म्हणताच त्यांना घाम फुटला. माणूस नाही म्हणाला तर त्याची मनधरणी करता येते. देवी नाही म्हणाली तर कुठे जायचं?

गावची सातेरी जागृत. मुलीचं लग्न असो, विहीर खणणं असो, देवीला विचारल्याशिवाय इथं कोणी कुदळ उचलत नाही. सगुण गुरवाने देवीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बातमी गावभर झाली होती, त्यामुळे सभामंडप भरला होता. देवीला एसीबद्दल विचारायची गावात ही पहिलीच वेळ. ज्यांनी न विचारता बसवले होते ते जरा मागे, खांबाच्या आडोशाला बसले होते.

"पंखो बंद करा," सगुण म्हणाला. "वाऱ्यान पाकळी पडली तर तो कौल खरो न्हय."

पंखा बंद झाला. सगळा मंडप घामाने निथळू लागला. सगुणने गाऱ्हाणं घातलं.

"हे माये सातेरी! आज ह्यो तुझो लेकरू कृष्णनाथ तुझ्या पायाकडे इलो हा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप गरजला.

"चेडवाच्या बाळंतपणाक थंडीचा मशीन हाडता म्हणता! पच्छिमेच्या भितीक भोक पाडता म्हणता! तुझी मर्जी आसल्यार उजवो कौल दी, आणि खंय काय वाकडा आसल्यार तां सरळ कर!"

"व्हय म्हाराजा!"

पाकळ्या हलेनात. कृष्णनाथांनी डोळे मिटून देवीला ओटी कबूल केली, मग साडी कबूल केली. मागून कुणीतरी कुजबुजलं, "देवी विचार करता. दीड टनाचो मां तो."

आणि पाकळी पडली. डावी.

मंडपात हळहळ उठली. सेजल पणजीलाच राहणार, गोधड्यांची चळत तशीच राहणार आणि आपल्याला जन्मभर हॉटेलात जेवावं लागणार, हे कृष्णनाथांना एका दमात दिसलं. बाबुराव उठून धोतर झटकू लागला. "झाला. देवी नाय म्हणता. माझ्यार बोल नको."

"रवात, दादानु!" चंद्रावतीने पदर खोचला. "सगुणभाऊ, तुमी विचारलात पच्छिमेची भिंत. देवीन नाय म्हटल्यान तां एसीक की भितीक?"

सगुणने डोकं खाजवलं. मंडपात एकदम चर्चा सुरू झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बायचा बरोबर आसा. देवीक नीट विचारूक जाय."

"मगे परत विचारा," चंद्रावती म्हणाली. "दक्षिणेच्या भितीक एसी लावलो तर चलात काय?"

सगुणने पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" पुरतं संपायच्या आत उजवी पाकळी टपकन पडली. टाळ्या वाजल्या, कोणीतरी पंखा लावला. बाबुराव मात्र उभाच राहिला, कारण दक्षिणेची भिंत त्याच्या परसाकडे होती हे त्याच्या आता ध्यानात आलं. एसीचं बाहेरचं धूड त्याच्याच परसात लटकणार, गरम वारा त्याच्याच अंगावर येणार. पण देवीचा कौल त्यानेच मागितला होता. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की कागद फाटता फाटता राहिला.

लोड वाढला. परवानगी मिळाली. बाबलीने दक्षिणेच्या चिऱ्याला भोक पाडलं, आणि नववा महिना लागता लागता सेजल पोटाला हात लावत जीपमधून उतरली. चंद्रावतीने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. एसी रात्रंदिवस घुमू लागला. कृष्णनाथ तासातासाला मीटरला हात लावून तो तापला नाही ना बघत.

मुलगी झाली. गोरीपान, भरपूर जावळाची. आणि बाळ-बाळंतीण घरी आल्याबरोबर चंद्रावतीने पहिलं काय केलं, तर एसी बंद.

"अगो, बंद कित्याक?" कृष्णनाथ दचकले.

"ओल्या बाळंतिणीक थंड वारो? येडे काय तुमी?" खिडक्या लागल्या, बाजेखाली शेगडी आली, धुरी झाली, सेजलच्या कानाला रुमाल बांधला गेला. सेजल घामाने न्हाऊन निघत होती, पण आईपुढे बोलायची तिची टाप नव्हती.

सहाव्या दिवशी सटीच्या पूजेला सुलोचनाबाई येणार होत्या. कृष्णनाथांची रात्र तळमळण्यात गेली. एसी बंद दिसला तर? एसी आहे म्हणून सांगितलं आणि पोर उकाड्यात ठेवली, असं म्हणतील आणि उचलून नेतील! सकाळी चंद्रावती विहिरीवर गेली तसे ते चोरपावलांनी खोलीत शिरले, शेगडी बाहेर काढली आणि रिमोट दाबला. अठरावर. राहू दे, म्हणाले, बाईंना दारातच गारवा कळू दे.

बाईंना दारातच कळला. त्या तिथेच थबकल्या, त्यांनी बाळाच्या पायाला हात लावला आणि किंचाळल्या, "अगो बाई! सहा दिवसांचं बाळ आणि एसी? पाय बर्फ झालेत पोरीचे! सेजल, सामान बांध. आत्ताच्या आत्ता पणजीला चल."

"पण तुमीच म्हणालात..." कृष्णनाथ म्हणाले. धडपडत त्यांनी एसी बंद केला.

"मी एसी असावा म्हटलं होतं, व्याहीबुवा. लावा कुठं म्हटलं होतं? लोकांनी विचारलं तर सांगायला नको, सुनेच्या माहेरी एसी आहे म्हणून?"

चंद्रावती ओल्या हातांनी दारात आली, तिने रिमोट पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सेजलने खरंच पिशवी ओढली. कृष्णनाथ भिंतीला टेकले. सगळ्या गावाला विचारलं, देवीला विचारलं, आणि पोर चालली ती आपल्याच हाताने.

तेवढ्यात दक्षिणेच्या खिडकीवर धाडकन थाप पडली.

"किस्न्या!" बाबुराव गजांना धरून उभा होता. इतक्या वर्षांत त्याने भावाला पहिल्यांदाच हाक मारली होती आणि ती हाक संतापाची होती. "एसी परत बंद केलंस? किती दिस झाले बंद! वयर मळब इला, वत नाय, माझी सोलां कुसतत हंय! आज लावलंस म्हणान मी सगळी सोलां मशीनाच्या तोंडार पसरली, आणि परत बंद?"

सुलोचनाबाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. परसात एसीच्या धुडासमोर सुपं, परड्या, जुनी साडी, आणि त्यांवर कोकमाची लालभडक सोलं पसरलेली होती. मे अखेरीला ऊन गेलं की सोलांना बुरशी धरते. पण बाबुरावाला गरम वाऱ्याचा उपयोग कधीच कळला होता.

"हे कोण?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"माझे मोठे काका," सेजल म्हणाली.

"म्हणजे एसी बाळासाठी नाही लावत?"

"बाळाक?" बाबुराव उखडला. "बाळाक कोण एसी लावता, गे बाय? तुमच्या पणजेत लावतत? ह्यो सोलांचो एसी!"

सुलोचनाबाईंचा चेहरा हळूहळू निवळला. चंद्रावतीने संधी सोडली नाही. "तांच सांगतंय मी, विहीणबाई. पोरीक आमी मधल्या खोलीत शेगडीर ठेवतंव. आज चुकान हंय हाडली." आणि ती बाळाला उचलून मधल्या खोलीत गेलीसुद्धा. मागोमाग सेजल गेली, पिशवी तिथेच टाकून.

"आमच्याकडेही बाळंतिणीला शेगडीच असते," सुलोचनाबाई म्हणाल्या. "ठेवून घ्या हो तिला. चांगले तीन महिने ठेवा. आणि ती सोलं चांगली दिसतायत, थोडी पणजीला धाडा."

पूजा झाली, बाई जेवून गेल्या. कृष्णनाथांनी रिकाम्या खोलीत एसी लावला, दार ओढून घेतलं आणि घाम पुसला. पाहतात तर पडवीत बाबुराव. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या.

"मशीन बरोबर चलता काय बघूक इलंय," तो म्हणाला आणि एसीच्या खोलीवरून सरळ मधल्या खोलीत गेला. शेगडी रसरसत होती, खिडक्या बंद होत्या. तो पाळण्याशी बसला आणि दोरी हातात घेतली. घामाच्या धारा लागल्या तरी उठेना.

"दादानु, थंय एसीत बसा जावन," चंद्रावती म्हणाली. "हंय उकडता."

"बरां आसा हंय."

कृष्णनाथ दाराशी घुटमळले. बाहेर आभाळ भरून आलं होतं. शेवटी त्यांना राहवेना.

"दादा," ते हळूच म्हणाले, "सोलां परतूक जाय मां रे? एक बाजू सुकली आसतली."

बाबुरावाने मान वर केली नाही.

"सोलां खंय पळान जातत? गप रव, किस्न्या. चेडू निजता."