कुलपाआडचे अप्पा

आमच्या शेजारचे वामनअप्पा दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारचं जेवण उरकून स्वतःच्याच घरात जाऊन बसायचे आणि मला बाहेरून कुलूप लावायला सांगायचे.

"मास्तर, दोनला लावा, चारला उघडा. मधी कोणी इच्यारलं तर सांगा, अप्पा गेले."

"कुठं गेले म्हणून सांगू?"

"नुसतं गेले म्हणा. मी न्हाई तर घर कसं राहतं, त्याची तालीम करून राह्यलो."

पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्या खेपेला कुलपाचा खटका पडल्यावर आतून अप्पांचा आवाज आला, "बराबर लागलं," आणि मग एकदम सगळं शांत झालं. जिवंत माणसाला घरात कोंडून किल्ली खिशात टाकणं तितकं सोपं नसतं. चार वाजेपर्यंत ती किल्ली माझ्या मांडीला टोचत राहिली.

अप्पांचं आयुष्य तहसिलीत अव्वल कारकून म्हणून गेलं. कौसल्यावहिनी चार वर्षांपूर्वी वारल्या. एकुलती एक मुलगी सुनंदा ऑस्ट्रेलियात. तिनं बापाला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं, आणि टेंभुर्णीतल्या बहात्तर वर्षांचा निकाल लावायला अप्पा बसले. "कागद बोलतो, माणूस थापा मारतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यामुळे कागद तर विचारूच नका. वीजमीटर पुतण्याच्या नावे केला. गॅसचं पुस्तक परत केलं. बँकेत एकाच अर्जावर तीन ठिकाणी सह्या करून चौथ्या ठिकाणी सहीची जागा का ठेवली नाही म्हणून साहेबाशी भांडले.

घरातल्या सामानाचा त्यांनी रीतसर पंचनामा केला. पंच मी आणि माझी बायको मंगल. 'रांजण एक, बूड शाबूत, काठाला चीर. खाट एक, करकरते. मांजर एक, येऊन-जाऊन असते, मालकी सिद्ध नाही.' मंगलनं पदर तोंडाला लावून सही केली. अप्पांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

रेशनकार्डावरून नाव कमी करायला मीच त्यांच्याबरोबर गेलो होतो. खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "कारण काय टाकू? मयत की स्थलांतर?" मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी मीच म्हणालो, "स्थलांतर." बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "मास्तर, दोन्हीला रकाना एकच हाय हो."

माझं 'अप्पा गेले' मात्र गावात भलतीकडेच पोचलं. दूधवाल्यानं रतीब बंद केला. गल्लीतल्या बाया त्या दारावरून जाताना आवाज खाली आणू लागल्या. एका शुक्रवारी तर धावड्याचा त्यांचा मावसभाऊ कुलूप बघून माझ्या ओट्यावर बसला आणि धाय मोकलून रडायला लागला. मी समजावतोय तर तो म्हणे, "मास्तर, धीर देऊ नका, मला कळलंय सगळं." चारला मी कुलूप काढलं. अप्पा बाहेर आले, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण वारलं रे?" पाव्हण्याच्या हातातला तांब्या पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येत होतं. मग एका दुपारी मंगल आत आली. तिनं आधी दार लावून घेतलं.

"अहो, अप्पांच्या घरात लहान लेकरू हाय का?"

"काहीतरीच काय!"

"मंग ते झोपवून कोणाला राह्यलेत?"

मी भिंतीला कान लावला. पलीकडून खरोखरच अंगाई ऐकू येत होती. म्हाताऱ्याचा घोगरा, बेसूर आवाज. दोन ओळी झाल्या की थांबायचा, जणू कोणी झोपलं की नाही ते बघतोय, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाहेर कडक ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दाराला मी लावलेलं कुलूप, आणि आत हे. चारला कुलूप काढायला गेलो तेव्हा मंगल माझा सदरा धरून मागे उभी होती. अप्पा आत खाटेवर एकटेच बसलेले. घरात दुसरं कोणी नव्हतं. काही विचारायची भीती वाटली, हे खरं.

उरलं होतं ते तीन एकराचं वावर. ते शेजारच्या हनीफभाईंनी घ्यायचं ठरवलं. त्यांचं रान लागूनच, म्हणून मधला बांध जेसीबीनं काढून सगळं एक करायचं होतं. बोलणी गोडीगुलाबीनं झाली, आणि शेवटी अप्पा म्हणाले, "सगळं घ्या. फक्त बांधावरचा चार हाताचा तुकडा माझ्या नावावर राहू द्या."

"कायको अप्पा? त्या तुकड्यात काय हाय?"

अप्पांनी सातबारा घडी करून खिशात टाकला.

नोंदणी कार्यालयातल्या कारकुनानं हात जोडले. "अप्पा, एवढा तुकडा वेगळा राहत न्हाई. तुम्हीच शिकवलं की आम्हाला." खरंच होतं. असा तुकडा मागायला आलेल्या कितीतरी लोकांना अप्पांनी जन्मभर हेच सांगून माघारी पाठवलं होतं. ते उठले. एसटीत बसल्यावर मी खाली पाहिलं तर त्यांचे पाय अनवाणी. चपला तिथेच राहिल्या होत्या.

त्यानंतर ते रोज भर दुपारी वावरात जायला लागले. टेप घेऊन बांध मोजायचे आणि खाली वाकून मातीशी काहीतरी बोलायचे. लोकांनी लांबून बघितलं आणि ठरवून टाकलं, की म्हाताऱ्यानं तिथं सोनं पुरलंय.

एका सकाळी हनीफभाई घाईघाईनं दारात आले. "मास्तर, जल्दी चला. कोणीतरी बांध उकरल्ता."

आम्ही पोचलो तेव्हा अप्पा तिथं गुडघ्यावर बसले होते. बांधाच्या कुशीला कोपरभर खड्डा. अप्पा दोन्ही हातांनी माती आत लोटत होते, आणि तोंडानं पुटपुटत होते, "झालं, झालं, गेले ते." नखांतून रक्त येत होतं. हनीफभाईंनी त्यांचे हात धरले.

"अप्पा, खरं सांगा. काय पुरलंय इथं?"

"लेकरू," अप्पा म्हणाले.

वारा नव्हता. उभ्या मक्याचं पानही हलत नव्हतं.

सुनंदाच्या आधी दोन वर्षं त्यांना मुलगा झाला होता. घरीच जन्मला आणि नवव्या दिवशी गेला. रीतीप्रमाणे त्याला बांधावर पुरला. जन्माची नोंद करायची राहिली होती, मग मृत्यूची तरी कशी करणार? "आख्ख्या तालुक्याच्या नोंदी केल्या मास्तर, त्याची न्हाई केली. कौसल्या रोज दुपारी त्याला हळूच अंगाई म्हणायची. मरताना म्हणाली, आता तुम्ही म्हणा. दार उघडं ठेवून म्हणायला लाज वाटती हो. कोणी आलं तर काय सांगू? कुलूप असलं की कोणी येत न्हाई."

मी मान खाली घातली. आठवड्यातून दोनदा आपण कशाला कुलूप लावत होतो, ते मला तेव्हा कळलं.

हनीफभाईंनी उरलेला खड्डा स्वतःच्या हातानं बुजवला. वरून थोपटला. मग म्हणाले, "अप्पा, आमच्यात मिट्टीतल्या माणसाला कोणी उठवत न्हाई. बांध राहील. माझी पोरंही इथं नांगर लांबून फिरवतील." दुसऱ्या आठवड्यात खरेदीखत झालं, सगळ्याच्या सगळ्या तीन एकरांचं.

जायच्या आधी एकच काम उरलं होतं. सुनंदा तिकडून व्हिसाचा फॉर्म भरणार होती, त्यातली माहिती तिला फोनवर सांगायची होती. संध्याकाळी अप्पा माझ्या घरी आले. मोबाईलच्या पडद्यावर सुनंदा एकेक प्रश्न वाचत होती आणि स्वतःच उत्तर भरत होती. "जन्मगाव, टेंभुर्णी. पत्नी, मयत. अपत्यं किती, हयात आणि मयत मिळून... एक."

"दोन," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मी एकटीच आहे की."

"दोन लिही बाई. तुझ्याआधी एक भाऊ होता तुला. तुझ्या आईनं मला शप्पथ घातल्ती, तुला सांगायचं न्हाई म्हणून. लेकराला भ्या वाटंल म्हणायची."

पडद्यावरचा चेहरा हलेना. मला वाटलं, रेंज गेली. मग तिनं डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "नाव काय लिहू त्याचं?"

"नवव्या दिवशी गेला तो. बारसं बाराव्याला होतं."

"पण तुम्ही काहीतरी ठरवलं असेल ना?"

अप्पांनी टोपी नीट केली. खुर्चीत ताठ बसले. तहसिलीत साहेबापुढे बसावं तसे.

"माधव. माधव वामन शेळके."

तिकडून सुनंदा एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप करू लागली, आणि इकडे अप्पा प्रत्येक अक्षराला मान डोलवत राहिले.