मारिटची शुक्रवारची टोपली

हाल्वरसन घराण्याला एकत्र कोण बांधून ठेवतं, असं कुणी विचारलं असतं, तर मारिटने आधी विनयाने खाली बघितलं असतं आणि मग स्वतःचंच नाव सांगितलं असतं. दर शुक्रवारी सकाळी कॉफीचा दुसरा मग घेऊन ती बसायची. आठवडाभर इंटरनेटवर वेचलेल्यातून चांगलं चांगलं निवडायची आणि ‘शुक्रवारची टोपली’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकायची. एखादा पक्षी, एखादं झाड, मुलांना शिकवायची एखादी युक्ती, घरात सुखाने कसं राहावं यावर कुणा शहाण्याचे चार शब्द. ज्ञान फुकट, आणि तेही घरपोच!

यंदा तर टोपलीची जबाबदारी वाढली होती. सासूबाईंचा, म्हणजे आर्डिसबाईंचा, ऐंशीवा वाढदिवस तळ्याकाठच्या लाकडी घरात, केबिनवर, करायचा होता. सासरे गेल्यापासून तिथलं लांबलचक जेवणाचं टेबल एकदाही भरलं नव्हतं. सासूबाई तक्रार करणाऱ्यातल्या नव्हेत. फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या की, तिकडे ताटल्या खूप आहेत गं, नुसत्या धूळ खातात. मिनेसोटातली आई याहून मोठ्याने रडत नाही. मारिटने मनाशी ठरवलं, टेबल भरायचंच.

आता, या भागात कुणी कुणाला सरळ काही सांगत नाही. पाहुण्यांनी उठावं असं वाटलं, की यजमान स्वतःच्या गुडघ्यांवर थाप मारून ‘चला तर मग’ म्हणतो. एखादी गोष्ट मुळीच पटली नाही, तर ‘वेगळंच आहे हं’ म्हणतात. यापलीकडे शिवी नाही. सगळेच आडून बोलतात, त्यामुळे सगळे आडूनच ऐकतात. मारिट जन्माने इथलीच, तिला हे कळायला हवं होतं. पण माणूस एकदा लोकांचं भलं करायला बसला, की त्याला बाकी काही सुचत नाही.

त्या शुक्रवारी टोपलीत चार जिन्नस होते. लून पक्षी पिल्लांना पाठीवर घेऊन पोहतो, पण हिवाळा आला की आईबाप पुढे निघून जातात आणि पिल्लं दक्षिणेची वाट आपली आपण शोधतात, हा पहिला. उतारवयात नवं काही शिकलं की डोकं तल्लख राहतं, हा दुसरा. वॉलआय मासळी मोठी मिळाली तर परत पाण्यात सोडावी, कारण भरपूर अंडी तीच घालते, हा तिसरा. आणि जेवताना फोन बाजूला ठेवला तर घरातली माणसं एकमेकांशी बोलू लागतात, हा चौथा.

चौथा तिने मुद्दाम घातला होता, नवऱ्यासाठी. डेल जेवताना ताटाकडे बघत नसे. बटाटा समजून त्याने एकदा लोण्याचा गोळा खाल्ला होता आणि बटाटा छान शिजलाय म्हणाला होता. लेख त्याला एकट्याला पाठवला असता, तर तो टोमणा झाला असता. टोपलीतून गेला, म्हणजे ज्ञान.

डेलचा अंगठा लगेच उमटला. तो नेहमीच लगेच उमटायचा.

मग नणंदेचं, बॉनीचं, उत्तर आलं. ‘वेगळंच आहे हं.’ बॉनीचा तिशीला टेकलेला थोरला अजून तिच्याच तळघरात राहत होता, हे मारिटच्या ध्यानातही नव्हतं. बॉनीचा नवरा लोएल काहीच बोलला नाही. त्याच्या दिवाणखान्यात भुसा भरलेली एक अजस्र वॉलआय टांगलेली होती, लग्नाच्या फोटोपेक्षा मोठी. संध्याकाळी सासूबाईंनी लिहिलं, ‘आज शब्दकोडं पूर्ण सोडवलं. पेनने.’

मारिटला वाटलं, वा, टोपली लागू पडली!

दोन दिवसांनी तिने रुबार्बच्या, म्हणजे आंबट देठांच्या गोड वड्यांचं विचारायला बॉनीला फोन केला. बॉनीच्या वड्यांशिवाय हाल्वरसनांकडे वाढदिवस होत नाही. बॉनी थंडपणे म्हणाली की बघू जमलं तर, आमच्या घरात अजून पिल्लं आहेत, त्यांना टाकून आम्हाला निघता येत नाही. सासूबाईंनीही कळवलं, एवढा घाट कशाला, घरीच एखादा टोस्ट खाईन. मारिटने डेलला विचारलं, सगळे असे गप्प का झालेत? फोनमधून डोकं न काढता तो म्हणाला, गप्प आहेत म्हणजे आवडलं.

तेव्हा पुढच्या शुक्रवारी तिने निरुपद्रवी विषय काढला. डास! डासांवरून आजवर मिनेसोटात कुणाचं मन दुखावलेलं नाही. माहितीही मजेशीर होती: डासांत चावतात त्या फक्त माद्या.

ग्रुपवर तिच्याशिवाय बायका दोनच होत्या.

‘वेगळंच आहे हं,’ बॉनीने लिहिलं. एका महिन्यात दोनदा! सासूबाईंनी लिहिलं, ‘बरं.’ पुढे पूर्णविराम होता.

शनिवारी सगळे केबिनवर आले. न येण्याचं कारण सांगावं लागलं असतं, म्हणून आले. बॉनीने वड्या आणल्या, पण दुकानातल्या, डब्यावरची किमतीची चिठ्ठीही तशीच. थोरल्याला मागच्या सीटवर पट्टा लावून आणलं होतं आणि उतरल्या उतरल्या आईने त्याची कॉलर नीट केली. मेजवानीचा मासा पकडायला लोएल पहाटेच गेला होता. तो रिकाम्या हाताने परतला.

“मिळाली होती,” तो तळ्याकडे बघत म्हणाला. “मोठी होती. सोडून दिली. अंडी घालायची असतात म्हणे.”

मारिट त्यावर काही बोलणार, तेवढ्यात बॉनीने विचारलं, आई कुठे आहे?

आई तळ्याच्या मधोमध होती. नारिंगी जॅकेट घालून, शेजाऱ्यांच्या कयाकमध्ये, एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीत, बसून गोल गोल फिरत होती.

चौघं लोएलच्या बोटीत बसली. मोटर डेलकडे होती.

“जवळ येऊ नका,” सासूबाई ओरडल्या. “मी शिकतेय.”

“आई, तू एकाच जागी फिरतेयस,” बॉनी म्हणाली.

“म्हाताऱ्यांनी नवं शिकावं, नाहीतर डोकं जातं. टोपलीत आलंय.”

“आई, ते तुमच्यासाठी नव्हतं हो,” मारिट काकुळतीने म्हणाली.

“मग घरात ऐंशीची दुसरी कोण आहे?”

“आणि लून कुणासाठी होता?” बॉनीचा आवाज फुटला. “माझ्या पोराला नोकरी लागत नाही, ती काय मी त्याला डोक्यावर बसवलंय म्हणून?”

“पक्षी आहे गं तो, बॉनी. नुसता पक्षी.”

“आणि डास?” दोघींनी एकदमच विचारलं.

मारिटला रडू फुटलं. मग तिने ते केलं, जे त्या घराण्यात आजवर कुणी केलं नव्हतं. ती सरळ बोलली.

“कुणासाठीच नव्हतं. एकच मुद्दाम घातला होता, फोनचा. तो डेलसाठी होता!”

सगळ्यांनी डेलकडे वळून पाहिलं. त्याचा एक हात मोटरवर होता, दुसऱ्यात फोन.

“फोनचा? कुठला फोनचा?”

“तू वाचला नाहीस?”

“अंगठा टाकला की मी,” डेल दुखावून म्हणाला.

आधी कयाक हलायला लागली. मग कळलं, सासूबाई हसतायत. “म्हणजे इतके दिवस मी उगाच पेनने कोडी सोडवतेय!” त्या म्हणाल्या, आणि बॉनीने हसत, नाक पुसत कयाकचं टोक धरून त्यांना ओढून घेतलं.

जेवायला मासा नव्हताच. सॉसेज भाजले, पॅनकेक केले, दुकानच्या वड्या मांडल्या. ताटल्या कपाटातून निघाल्या, धुतल्या गेल्या, एकही उरली नाही. लोएल सुटलेल्या मासळीची लांबी हाताने दाखवत होता आणि दर खेपेला हात आणखी लांब करत होता. थोरला आजीला वल्हं कसं धरायचं ते काट्याने शिकवत होता. टेबलाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी बोलणं चाललं होतं.

फक्त डेलची मान खाली होती. फोनमध्ये.

एकेक करून सगळे त्याच्याकडे बघू लागले. मारिटने घसा खाकरला. डेलने एक बोट वर केलं.

“थांब गं जरा. तू टाकलेलं तेच वाचतोय. फार छान आहे हे. म्हणतात, जेवताना फोन बाजूला ठेवावा.”

आणि त्याने खाली अंगठा टाकला. मारिटच्या खिशात टुण्ण वाजलं.

सासूबाईंनी मुलाकडे बराच वेळ पाहिलं, मग सुनेच्या हातावर हात ठेवला.

“वेगळाच आहे हं,” त्या म्हणाल्या.