खो कोणी दिला?

"खिलाडूवृत्ती ही काय शिकवायला अवघड गोष्ट हाय व्हय? आठ दिवस माझ्याकडं द्या पोरी. हरल्या तरी हसत घरी जातील!"

पालकांच्या बैठकीत ज्योतीराम उभा राहून हे बोलला, आणि बाकीच्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काम आपल्या गळ्यात पडलं नाही याचा आनंद माणसाला लपवता येत नाही!

बैठक का होती ते आधी सांगायला हवं. निगडीत प्राधिकरणातल्या एका मैदानावर योगिनी मॅडम मुलींना खो-खो शिकवायच्या. मागच्या स्पर्धेत पालकांनी रेषेबाहेरून इतका आरडाओरडा केला होता की पंचांनी खेळ थांबवून सगळ्यांना मैदानाबाहेर काढायची धमकी दिली. मॅडमचं म्हणणं साधं होतं. "मुलींना खेळाची मजा घेऊ द्या, खिलाडूवृत्ती शिकू द्या. कुणीतरी एकाने पालकांना गप्प बसवायची जबाबदारी घ्या." ज्योतीरामने जबाबदारी घेतली खरी, पण पालकांना गप्प बसवण्याचा भाग त्याला अगदीच किरकोळ वाटला. त्याच्या डोक्यात राहिली ती खिलाडूवृत्ती.

ज्योतीराम मूळचा औशाकडचा. चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होता. एक पार्ट जसा निघाला तसाच दुसरा निघाला पाहिजे, हे बघण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. नीट सिस्टीम लावली की जगात काहीही एकसारखं काढता येतं, असा त्याचा ठाम विश्वास होता. बायकोच्या चपात्यांवर त्याने एकदा ही सिस्टीम लावून पाहिली होती. त्या दिवशी तो उपाशी झोपला!

आणि त्याची लेक करिष्मा. सातवीतली, हातापायांच्या काड्या, पण पळायला लागली की डोळा ठरायचा नाही. तिची एक गंमत होती. ती पळताना हसायची. पाठलाग करणारी पोरगी हातभर अंतरावर आली की हिला कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखं व्हायचं, आणि बाद झाली की आणखी जोरात खिदळायची. "खेळायचं कसं ते हिच्याकडून शिका," असं मॅडम बाकीच्या पोरींना सांगायच्या. कंपनीतल्या प्रेस मशीनचा दणदणाट दिवसभर कानात भरून घेतलेला ज्योतीराम संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहायचा तो ते हसू ऐकायलाच. ते ऐकलं की त्याचा शिणवटा जायचा. एवढं एक सुख त्याला कुणाच्या उपकाराशिवाय मिळत होतं.

आपल्या भागात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी आणि स्पर्धा मात्र रविवारी. त्यामुळे ज्योतीराम रविवारची शिफ्ट रिझवानच्या गळ्यात मारायचा आणि त्याची गुरुवारची ओव्हरटाइमची पाळी आपण करायचा. रिझवान त्याच्याच लाइनवरचा, सांगवीहून यायचा.

"भाई, खेळतं कोण? मुलगी का तुम्ही?" रिझवान एकदा म्हणाला.

"मुलगीच खेळती रे. पण मी नसलो तर तिचं मन लागत नाही!"

हे ज्योतीरामला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

तर दुसऱ्या दिवसापासून खिलाडूवृत्तीचं ट्रेनिंग सुरू झालं. सराव संपला की ज्योतीराम पोरींना रांगेत उभं करायचा आणि मोठ्याने ओरडायचा, "चेहरा!" की सगळ्यांनी ताबडतोब हसायचं. दात दिसले पाहिजेत. मैदानावर काहीही होवो, बाद व्हा, हरा, पडा, 'चेहरा' ऐकलं की हसू!

"काका, पण रडू आलं तर?" साबियाने विचारलं. ती करिष्माची मैत्रीण, संघातली सगळ्यात चपळ पोरगी.

"आधी हसायचं, मग घरी जाऊन रडायचं."

"पप्पा, मला तर आपोआपच हसू येतं," करिष्मा म्हणाली.

"आपोआप येतंय त्याचं काय खरं नसतंय, बाळा! आज येतंय, उद्या येणार न्हाई. सिस्टीमनं आलं पाहिजे!"

आठवडा संपेपर्यंत अख्खा संघ दात दाखवण्यात तरबेज झाला. दंतमंजनाच्या जाहिरातीत उभा करावा असा! फक्त एक झालं. करिष्मा आता पळताना बापाच्या तोंडाकडे बघायला लागली. त्याचा आवाज आला की हसायची, नाही आला तर गुमान पळायची. तिचं आपोआपचं हसू कधी थांबलं ते ज्योतीरामच्या लक्षातच आलं नाही. तो त्या वेळी बाकीच्यांचे दात तपासत होता.

रविवारी अंतिम सामना होता, चाकणकडच्या एका संघाशी. ज्योतीरामने इस्त्रीचा शर्ट घातला आणि सगळ्या पालकांना रेषेपासून लांब नेऊन बसवलं. "कुणी तोंड उघडायचं न्हाई! आपण आदर्श पालक हाओत!" पालक बिचारे तोंडाला कुलूप लावून बसले. मोकळा फिरत होता तो एकटा ज्योतीराम.

पहिला डाव चांगला गेला. दुसऱ्या डावात चाकणची एक पोरगी खांबाला वळसा घालताना घसरली आणि दोन्ही गुडघे सोलून घेऊन मातीत आडवी झाली. पंचांनी शिट्टी वाजवली. आपल्या पोरी घाबरल्या. करिष्मा तर तिला उठवायला निघालीसुद्धा. पोरींचे उतरलेले चेहरे बघून ज्योतीरामला वाटलं, हीच ती वेळ! त्याने छाती भरून आरोळी ठोकली.

"चेहरा!"

पडलेल्या पोरीच्या चारी बाजूंनी आपल्या पोरींनी दात काढले. बत्तीसच्या बत्तीस!

मग पलीकडच्या बाजूने नऊवारी नेसलेली एक आजी पदर खोचत थेट मैदानातून चालत आली. ती त्या पोरीची आजी, गोजाबाई.

"माझी नात रगतानं माखलीय न् ह्या भवान्या दात काढत्यात! ही रीत हाय व्हय तुमची?"

"आजी, गैरसमज होतोय," ज्योतीराम मध्ये पडला. "ही खिलाडूवृत्ती हाय. हरल्यावर हसायचं असतंय!"

"हरलंय कोन, मुडद्या? पडलीय ती!"

"पडल्यावर पण हसायचं, असं शिकवलंय मी..."

"तू शिकिवलंस व्हय? मंग तूच ये हिकडं, तुला हसवते!"

गोजाबाईंच्या हातात पाण्याची बाटली होती. ती ज्योतीरामच्या इस्त्रीच्या शर्टावर रिकामी झाली. योगिनी मॅडमनी हात जोडून माफी मागितली, पोरीच्या गुडघ्याला औषध लावलं, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. करिष्मा मात्र मान खाली घालून राहिली. त्या पोरीला उठवायला पुढे केलेला हात तिने हळूच मागे घेतला होता, आणि तोंडावर बापाने शिकवलेलं ते हसू तसंच चिकटून राहिलं होतं.

आता पुढचं नीट ऐका, कारण घोळ इथेच झाला. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या पोरी एका रांगेत, आळीपाळीने तोंडं फिरवून बसतात. पाठलाग करत पळणारीने मागून येऊन बसलेलीच्या पाठीवर हात ठेवायचा, 'खो' म्हणायचं, तेव्हाच बसलेलीने उठायचं. त्याआधी उठलं की फाउल. आपला संघ पाठलागावर होता. गुण बरोबरीला आले होते, वेळ संपत आली होती. एकीला बाद केलं की आपण जिंकलो!

साबिया जीव खाऊन पळत होती. चाकणची शेवटची पोरगी तिला हुलकावणी देऊन नेमकी करिष्माच्या समोर आली. करिष्मा बसलेली, साबिया तिच्या मागून येतेय, अजून दोन पावलं लांब. सगळे पालक श्वास रोखून गप्प. आणि ज्योतीरामच्या आतून, त्याला न विचारता, प्रेसच्या दणदणाटावर मात करून करून तयार झालेला आवाज बाहेर पडला.

"खो!"

करिष्मा उठली. उठणारच! बापाचा आवाज आला की तसं करायचं, हेच तर ती आठवडाभर शिकत होती. ती झेपावली आणि समोरच्या पोरीला हात लावून मोकळी झाली. ज्योतीरामने आनंदाने उडी मारली आणि समोर दिसेल त्याला मिठी मारली. समोर गोजाबाई होत्या!

लांब शिट्टी वाजली. "फाउल! बाद नाही!"

ज्योतीराम गोजाबाईंच्या तावडीतून सुटून पंचांकडे धावला. "साहेब, फाउल कसा? खो ऐकू आला की!"

"ऐकू आला हो. अख्ख्या निगडीला ऐकू आला. पण दिला कोणी?"

साबिया धापा टाकत उभी होती. तिने मान हलवली. "सर, मी नव्हता दिला."

तेवढ्यात वेळ संपली. जादा डावात आपला संघ एका गुणाने हरला. त्या डावात करिष्मा कुणाचा खो ऐकूनही पटकन उठेना. प्रत्येक वेळी आधी मागे वळून बघायची, खरंच साबिया आहे ना म्हणून.

"तुम्हाला पालकांना गप्प बसवायला सांगितलं होतं," योगिनी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"बसवलं की मॅडम! एक जण बोलला न्हाई!"

"हो. म्हणूनच तुमचा आवाज इतका स्वच्छ ऐकू आला."

पोरी घोळका करून रडत होत्या. करिष्मा त्यांच्यात नव्हती. ती मैदानाच्या मध्ये उभी होती आणि बापाकडे बघत होती. ज्योतीरामला तिला जवळ घ्यायचं होतं. त्याने नुसता हात वर केला. तिला वाटलं खूण केली. तिने दात दाखवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दात दिसत होते. हे आपण काय करून बसलो, हे ज्योतीरामला तेव्हा कळलं.

त्या रात्री बायकोने त्याला ताट वाढता वाढता सांगितलं, "खेळ सोडते म्हणालीय ती."

"एका मॅचवरून?"

"मॅचवरून नाही." बायकोने आमटीची वाटी पुढे सरकवली. "पप्पा येणार नसतील तर खेळते, म्हणाली."

ज्योतीरामने हातातला घास परत ताटात ठेवला. थोड्या वेळाने करिष्मा दारात आली. चौकटीचा रंग नखाने खरवडत तिने विचारलं, "पप्पा, पुढच्या रविवारी परत स्पर्धा आहे. तुम्हाला शिफ्ट लागत नाही का हो?"

किती जपून विचारलं होतं पोरीने! त्यालाच जास्त लागलं ते.

"लागलीय की," तो म्हणाला. "अर्जंट माल जायचाय. मला काय येता येणार न्हाई बाळा यावेळी."

"अरेरे," करिष्मा म्हणाली. पण तिला नीट अरेरे म्हणता आलं नाही.

सकाळी त्याने रिझवानला गाठलं. "माझी रविवारची शिफ्ट मला परत दे."

"आता कशी देऊ भाई? तुम्हीच दोन्ही रविवार बदलून घेतले ना! माझ्या साडूकडे गुरुवारी लग्न आहे. सुपरवायझरने चार्ट पण लावला."

झालं! शिफ्ट नाही म्हणून कंपनीत जाता येईना, आणि शिफ्ट आहे असं सांगितलेलं म्हणून घरी थांबता येईना.

रविवारी सकाळी ज्योतीराम कंपनीचा युनिफॉर्म घालून निघाला. डबा करिष्माने स्वतः भरला होता. चार चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि वर दोन लाडू. "सावकाश या पप्पा," असं तिने जिन्यातून दोनदा सांगितलं. बाप कामाला जातोय म्हणून इतकी खुशीत असलेली पोर त्याने कधी पाहिली नव्हती.

कंपनीची बस समोरून निघून गेली. ज्योतीराम चालत चालत मैदानाच्या मागच्या भिंतीपाशी आला. तिथून आतलं काही दिसत नव्हतं, म्हणूनच ती जागा बरी होती. तिथला वॉचमन भिमाजी खुर्ची टाकून बसला होता.

"आत जा की सायेब, फुकट हाय."

"नको. मला आत जायचं न्हाई."

त्याला एवढंच हवं होतं की करिष्माचं हसू एकदा ऐकू यावं. ते आलं की तो मुकाट निघून जाणार होता. तेवढ्यात भिंतीपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणाला वाजतायत ते कळायला मार्ग नव्हता. ज्योतीराम ताठ उभा राहिला आणि आपणही टाळ्या वाजवायला लागला. आपल्या पोरींसाठी वाजवल्या, समोरच्यांसाठीही वाजवल्या. टाळ्या थांबल्या, पुन्हा वाजल्या, तोही पुन्हा वाजवत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

भिमाजीने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "कशापाई वाजिवताय?"

"चांगल्या खेळतायत हो पोरी. दोन्हीकडच्या!"

"खेळतायत कुठं? पोरी उन्हात रांगंत हुब्या हायेत. आत पाव्हण्यांचा सत्कार चाललाय. ही तिसरी शाल."

ज्योतीरामचे हात हवेतच राहिले. "मग मॅच?"

"आता पाव्हणं खिलाडूवृत्तीवर बोलणार. मंग मॅच."

भिंतीपलीकडे लाउडस्पीकर खरखरला आणि भाषण सुरू झालं. त्या आवाजात कुणाचंही हसू ऐकू येणं शक्य नव्हतं. ज्योतीराम भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने डबा उघडला. भूक नव्हती, पण डबा भरलेला घरी गेला असता तर पोरीला कळलं असतं.