फ्रीजच्या दारावरचा केस

गावंडे सरांच्या डोक्यावर मोजकेच केस उरले आहेत. त्यातला एक ते रोज संध्याकाळी उपटतात आणि थुंकी लावून प्रयोगशाळेतल्या फ्रीजच्या फटीवर चिकटवतात. सकाळी तो जागेवर नसला, की भर व्हरांड्यात विचारतात, "माहा फ्रीज कोनं उघडला?"

अमरावतीच्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी भांडार सांभाळते. सरांचा शिपायावर, प्राचार्यांवर आणि फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर संशय घेऊन झाला आहे. माझ्याकडून बाटली नेतानाही सील उजेडात धरून बघतात.

आमचाही त्यांच्यावर संशय होताच. त्यांच्या सगळ्या कुप्यांवर एकच नाव. सारिका-नऊ, सारिका-चौदा. डबा खाताना म्हणायचे, "आज सारिका बाहेरच फुटली." आम्ही बायका एकमेकींकडे बघायचो. सर अविवाहित.

शेवटी मी सरळ विचारलं. त्यांनी माझ्या स्टॉक रजिस्टरच्या मागच्या पानावर एक डोकं आणि त्याला दोन शेपट्या काढल्या. हा चरबीचा रेणू. अशा हजारोंची अतिबारीक गोळी करायची, तिच्यात जनुक भरायचं आणि पेशीत पोचवायचं. शेपट्या सरळ असल्या तर रेणू दाटून बसतात. गोळी पेशीत शिरते, पण उघडत नाही. वाकड्या असल्या तर आत गेल्यावर फुटते आणि जनुक मोकळं होतं. फार वाकड्या केल्या तर दारातच फुटते.

"शेपटी किती वाकवाची, एवढाच सवाल हाय, मॅडम."

सारिका कोण, ते सांगितलं नाही.

मे महिन्यात सदतीस नंबरच्या गोळ्या लागोपाठ तीनदा एकमेकींना चिकटून गाळ झाल्या. तिन्ही वेळा केस पडलेला. तिसऱ्यांदा सर ओरडले नाहीत. मग मला सांगावंच लागलं. भांडारातला फ्रीज बंद पडला होता. सर यायच्या आधी मी माझा ताकाचा डबा त्यांच्या फ्रीजमध्ये मागे लपवायची आणि जागा करायला कुप्या दाराकडे सरकवायची, जिथे गारवा कमी. ते तासावर गेले, की डबा काढून घ्यायची.

चूक लेखी देते म्हटलं.

"लेखी घेऊन काय करू? धारणीले माही भाची हाय, सारिका. सिकलसेल हाय तिले, जनुकातूनच आलेला रक्ताचा आजार. दर शनिवारी फोनवर इचारते, मामा, कितवा नंबर चालू हाय? तीन हप्ते झाले, मी सदतीसच सांगून राहिलो. तिले वाटते, मामानं सोडून देल्लं."

ताक मी माठाशेजारी ठेवू लागले. आंबायचं. आंबट पीत होते.

जूनमधल्या एका शनिवारी सरांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. स्वतःच्या डोळ्यांवरही त्यांचा विश्वास नव्हता. जनुक आत पोचून कामाला लागलं, तर पेशी हिरव्या चमकतात, एवढं त्यांनी सांगितलं. मी पाहिलं. काळोखात हिरवे ठिपके होते, बरेच. तसं सांगितलं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"सदतीस झालं, बाई. नाही, तुह्यासाठी नाही अजून. ह्या काचेतल्या पेशी हायेत. लय वेळ हाय." मग तिचं ऐकून म्हणाले, "हो. अडतीस करतो."

संध्याकाळी फ्रीज लावून त्यांचा हात सवयीनं डोक्याकडे गेला. मी थांबवलं. तेव्हापासून त्या दारावर माझा केस असतो. माझे अजून पुष्कळ आहेत.