गच्चीवरचे चौतीस अंश

या, असे जवळ बसा. तिथे दारात नाही, इथे माझ्यासमोर. आणि आधी तो हातातला मोबाईल पालथा ठेवा. आल्यापासून बघतेय, मान वर म्हणून नाही. समोर माणूस बोलत असताना अंगठा सरकवत बसणाऱ्याला मी चहा देत नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एका माणसाला सूट आहे. आज त्यांचीच गोष्ट सांगायचीय.

देवरेभाऊ त्यांचं नाव. जेल रोडला आमची तीन मजली बिल्डिंग आहे. मी पहिल्या मजल्यावर, भाऊ माझ्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर, एकटेच. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी बिल्डिंगच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज येतो. 'गच्ची. सहा दहा. अकरा अंश. दमटपणा बासष्ट टक्के. बठ्ठं बराबर शे.' शेवटचे शब्द त्यांच्या सटाण्याकडच्या बोलीतले. म्हणजे सगळं ठीक आहे. दिवाळी असो, मतदान असो, घरात पाहुणे असोत, हा मेसेज चुकत नाही. बरं, मागितलाय कोणी? कोणीच नाही.

तिसऱ्या मजल्यावर नीलिमा म्हणून आमची सेक्रेटरी आहे, तोंडाने जरा फटकळ. तिने एकदा ग्रुपवर लिहिलंच, 'भाऊ, खिडकी उघडली की आम्हालाही कळतं हो थंडी आहे ते.'

भाऊंचं उत्तर आलं, 'किती?'



भाऊ एकलहऱ्याला वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. सगळी नोकरी काटे आणि आकडे बघण्यात गेली. रिटायर झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात, बागेत जाऊन हसतात. हे गृहस्थ कॉम्प्युटर उघडून बसले. त्यांच्या घरात पाय टाकायचा तर आधी वायर कुठे नाही ते बघावं लागतं. तीन कॉम्प्युटर आहेत, त्यातला एक फक्त दुसरा बिघडला तर त्याला बघायला ठेवलाय. जुने मोबाईल फडताळात असे रचलेत जशी मी लग्नातली पितळी भांडी रचलीत. वापरायची नाहीत, मोडीतही द्यायची नाहीत.

आणि मतं. प्रत्येक गोष्टीवर मत. मी नुसतं म्हणायचा अवकाश की फोनमध्ये ते अपडेट आलंय, की भाऊ खुर्ची ओढून बसलेच. "अक्का, अपडेट म्हणजे न सांगता आलेले पाहुणे. गेल्यावर आपलीच चमच्याची बरणी आपल्याला सापडत नाही." फोटो क्लाउडवर ठेवायचे असं माझी नात म्हणाली, तर म्हणे, "ठेव. पण लक्षात असू दे, ती आपली ट्रंक दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलीय, आणि शिडी त्याची आहे." विचारलं त्याला फडाफडा उत्तर देणारं ते नवीन आलंय ना मोबाईलमध्ये, त्याच्याशी भाऊ तास तास वाद घालतात. वर मला सांगतात, "हुशार आहे, गोड बोलतं. पण माहीत नसलं तरी 'माहीत नाही' म्हणत नाही. आमच्या पाळीत असे दोघे होते."

मध्यंतरी नीलिमाचा फोन वरणात पडला. तिने तो तांदळाच्या डब्यात पुरला. भाऊ जिना चढून खास सांगायला गेले, "तांदळात ठेवून फोन सुकत नाही, फक्त पुढचे आठ दिवस भातात स्क्रू शोधावा लागतो." मग त्यांनीच तो उघडून, पुसून, दोन दिवसांनी चालू करून दिला. देताना विचारलं, "बॅकअप होता का?" हे ते सगळ्यांना विचारतात. मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आले, डोळ्याला पट्टी, तरी पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं, "आहे की, दुसरा डोळा."

मला मोबाईल त्यांनीच शिकवला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही मध्ये मध्ये शाळा बुडवत. पण आता मी सगळे मेसेज स्वतः टाईप करते, अंगठ्याने नाही, बोटाने, एकेक अक्षर निवडून. तांदूळ निवडल्यासारखं.

एकदा भाऊंनी मला त्यांचं एक वेड दाखवलं. कुठल्याशा बर्फाच्या देशात एक लहानसं रेल्वे स्टेशन आहे. तिथे खांबावर कॅमेरा लावलाय, तो चोवीस तास इंटरनेटवर चालू. बघायचं काय, तर रिकामा फलाट. दिवसातून दोन गाड्या. आणि एक म्हातारा, लांब दांड्याच्या झाडूने बर्फ लोटणारा. भाऊ रोज त्याला बघतात. "आपला माणूस आला बघा," असं म्हणतात, जसा काही तो आमच्या जेल रोडचाच झाडूवाला.

एका आठवड्यात तो म्हातारा दोन दिवस आला नाही. भाऊंचं जेवणात लक्ष लागेना. मी दिलेली मेथीची भाजी तशीच परत. मी म्हटलं, "अहो, रजेवर असेल."

"असेल. पण त्याला कोणी बघितलं असेल ना अक्का?"

तिसऱ्या दिवशी म्हातारा आला, तेव्हा भाऊ मला सांगायला चपला न घालता खाली आले. मी मनात म्हटलं, काय बाई एकेक छंद.

आता ते गच्चीचं यंत्र. पाण्याच्या टाकीमागे भाऊंनी एक खांब रोवलाय आणि त्यावर भोकं पाडलेली पांढरी डबी बसवलीय, खरवसाच्या डब्याएवढी. तिच्यातून हवेचे आकडे थेट त्यांच्या कॉम्प्युटरवर येतात. गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी भरदुपारी ग्रुपवर टाकलं, 'दमटपणा अठ्ठ्याण्णव टक्के. अर्ध्या तासात पाऊस. वाळवणं उचला.' आमच्या बायका धावल्या. नीलिमाच्या कुरडया, माझे साबुदाण्याचे पापड, सगळं चादरीसकट खाली. अर्धा तास झाला, एक तास झाला. आभाळात ढग शपथेलाही नाही. कुरडयांचा मात्र चुरा.

भाऊ गच्चीवर गेले आणि परत येऊन माझ्या दारात उभे राहिले. "अक्का, तुमचं नऊवारी लुगडं कुठे वाळत घातलंय?"

तर झालं असं की दोरी भरली होती, आणि तो खांब मला बरा वाटला.

मला वाटलं, आता रागावतील. पण खूश झाले ते. म्हणाले, "लक्षात ठेवा, आकडा खोटं बोलत नाही. आकडा विचित्र आला तर त्याच्यावर कोण बसलंय ते बघायचं." आणि दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या वर, वहीएवढा एक काळा पडदा ठोकून गेले. त्यावर गच्चीचे आकडे सतत दिसतात. म्हणे, लुगडं टाकलं की तुमचं तुम्हालाच कळेल.

त्याच वेळी मी विचारलं होतं, "हे सगळं जर आपोआप येतं, तर रोज पहाटे उठून तो मेसेज तुम्ही हाताने का लिहिता? मशीनला सांगा की."

"येतं की सांगता. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग?"

"आमच्याकडे मीटरचा आलेख मशीन काढायचंच. तरी दर तासाला आम्ही वहीत आकडा लिहून सही करायचो. मशीनने लिहिलं म्हणजे मशीन चालू आहे. सही असली म्हणजे माणूस जागेवर आहे." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि माझ्या फोनचा बॅकअप घेतला.

या जानेवारीतली गोष्ट. थंडी अशी की खोबरेल तेल बाटलीत दगड झालेलं. मी साडेपाचला उठले, तर वर गच्चीचं दार वाऱ्याने धाडधाड वाजत होतं. गुडघे धरून तीन मजले चढले, "कोणाला म्हणून दार लावायची अक्कल नाही," असं म्हणत दार ओढलं, कडी घातली, खाली आले. चहा टाकला. थोड्या वेळाने वरून धप धप ऐकू आलं. म्हटलं, नीलिमाच्या नवऱ्याने पुन्हा व्यायाम सुरू केलाय, चार दिवस टिकेल.

सहा दहा झाले. मेसेज नाही.

मी फोन उलटा केला, सुलटा केला. सव्वासहा. काही नाही.  दोन वर्षांपूर्वी भाऊ छातीत दुखून दवाखान्यात होते. तेव्हाही त्यांनी पलंगावरून मेसेज टाकले होते, 'वॉर्ड. सहा दहा. एसी चोवीस अंश.'

मी वर गेले, बेल दाबली. आता त्यांची बेलही शहाणी. भिंतीतून भाऊंचाच आवाज आला, "नमस्कार. कृपया कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव सांगा." मी नाव सांगितलं. "धन्यवाद. मी लवकरच दार उघडतो." दार काही उघडलं नाही. पुन्हा दाबली. पुन्हा नमस्कार, पुन्हा धन्यवाद. फोन लावला, तर तो आत वाजतोय, मला बाहेर ऐकू येतोय. आणि दाराला किल्ली नाही, भाऊंचं बोट लागतं. आत ते कसे पडले असतील ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि तो आवाज आपला मला लवकरच दार उघडणार होता.

नीलिमाला उठवावं, कुलूपवाल्याला बोलवावं, म्हणून मी धापा टाकत घरी फोनबुक घ्यायला आले. हो, माझं फोनबुक अजून कागदाचं आहे. हात फ्रीजवर गेला आणि नजर त्या पडद्यावर.

गच्ची. चौतीस अंश.

मी चष्मा पुसला. चौतीस. बाहेर खोबरेल गोठतंय आणि गच्चीवर मे महिना? बघता बघता आकडा तेहेतीस झाला, परत चौतीस. आणि एकदम भाऊंचं ते वाक्य डोक्यात आलं, आकड्यावर कोण बसलंय ते बघायचं. चौतीस अंश म्हणजे काय हो? मी चार पोरं वाढवली. काखेत थर्मामीटर नीट धरलं नाही की त्याच्या सेल्सिअसच्या बाजूला एवढंच येतं.

मी तीन मजले कशी चढले ते मला विचारू नका. कडी काढली. टाकीमागे भाऊ बसले होते, डोक्याला माकडटोपी, स्वेटरची बटणं उघडी, आणि ती पांढरी डबी खांबावरून काढून काखेत धरलेली. ओठ निळे. पण डोळे लुकलुकत होते.

"भाऊ, काय हे?"

"गच्चीचा ताप बघतोय." दात वाजत होते. "छत्तीस येत नव्हता अक्का. डबी मोठी आहे, काख लहान."

डबीची भोकं कोळिष्टकांनी भरली होती, ती साफ करायला ते पहाटे वर आले होते. फोन खाली चार्जिंगला. मागून मी कडी घातली. त्यांनी दार वाजवलं, ते मी व्यायामात जमा केलं. रस्त्यावरच्या दूधवाल्याला हात केले, त्यानेही सायकलवरून हसून हात केला. शेवटी त्यांना माझा पडदा आठवला.

मी म्हटलं, "कडी मीच लावली हो."

"ठाऊक आहे. तुमची चप्पल ओळखतो मी."

"मग हाक मारायची."

"तुम्ही अक्कल काढत होता. मध्ये कसं बोलणार? नंतर मारली, तोवर तुम्ही गेल्या होत्या."

मी डबी परत खांबावर ठेवली, त्यांना धरून खाली आणलं, गोधडीत गुंडाळलं, आल्याचा चहा दिला. बशीत अर्धा सांडला. मला हसूही येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, "तुमच्या मशीनने मेसेज पाठवला असता ना, तर आज सहा दहाला 'बठ्ठं बराबर शे' म्हणून आलं असतं आणि मी सुखाने चहा पीत बसले असते."

"म्हणून तर हाताने लिहितो."

मग बशीकडे बघतच म्हणाले, "वत्सला गेली तेव्हा मी सकाळपाळीला होतो. निघालो तेव्हा ती पोळ्या लाटत होती. साडेतीनला घरी आलो. डॉक्टर म्हणाले, नऊच्या सुमाराला गेली असावी. त्या दिवशी मी दर तासाला सगळे आकडे लिहिले अक्का. सही करून. सगळे बरोबर होते."

वीस वर्षं शेजार आमचा. वत्सलाबाई, त्यांच्या मिसेस, गेल्यावरच ते इथे राहायला आले होते. एवढं मला माहीत होतं, हे नव्हतं. मी बशीत चहा ओतला. त्यांनी तो प्यायला, आणि म्हणाले, "माझा फोन आणतो. ग्रुपवर टाकायचं राहिलंय."

'गच्ची. सात पाच. आठ अंश. उशिराबद्दल माफी. बठ्ठं बराबर शे.'

खाली नीलिमाचं लगेच आलं, 'भाऊ, मी दोनदा फोन बघितला आज.'

म्हणजे बघा, तीही वाट बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून सहा अकराला मी लिहिते. 'पहिला मजला. चहा उकळला. गुडघा कालच्याइतकाच. बठ्ठं बराबर शे.' कधी नीलिमाही लिहिते, 'डबे भरले, नवरा अजून झोपलेला.'  एखादीचा मेसेज दहा मिनिटं उशिरा आला की जिन्यात भाऊंची पावलं वाजतात.

निघालात? बरं. घरी पोचलात की दोन शब्द लिहा मला, हाताने. ते गुलाबाच्या फुलाचं चित्र पाठवू नका. आणि पुन्हा या लवकर, भाऊंना भेटायला वर नेते तुम्हाला. ते तुमच्या फोनचा बॅकअप विचारतील, त्याची तयारी ठेवून या. गच्ची बघायची असेल तर तीही बघा. फक्त वर जाताना मला सांगून जा.