एक प्रत, एक वाचक

"सरकारी कागद आजपासून अमर झाला आहे!" असं मुख्य ग्रंथपालांनी भरसभेत जाहीर केलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. वाक्य इतकं गाजलं की वार्ताहराने लगेच भाषणाची प्रत मागितली. भाषणाचा कागद सापडला नाही. खिसे उलटे झाले, टेबलाखाली दोघेजण वाकून आले. शेवटी साहेबांनी आठवेल तसं सांगितलं आणि छापून आलेल्या बातमीत 'अमर' हा शब्द नेमका राहून गेला.

दुसऱ्या दिवशी कपाटांतले जुने आदेश, अहवाल आणि राजपत्रं रद्दीच्या गाडीत चढली आणि त्यांच्या जागी कोपऱ्यात एक संगणक आला. सरकारी खात्यांनीही आपापली दफ्तरं रिकामी केली, कारण आता कायमचं भांडार म्हणजे ग्रंथालय. साहेबांचा आग्रह एवढाच होता, की शिस्त मात्र पुस्तकांचीच राहील. प्रत्येक दस्तऐवजाला एक दाखल क्रमांक, एका क्रमांकाची एक प्रत, आणि एका प्रतीचा एका वेळी एकच वाचक. तो परत करेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं.

"साहेब, संगणकात हे सगळ्यांना एकदम दिसू शकतं," संगणक बसवणारा म्हणाला.

"मग शिस्त कुठे राहिली?" साहेबांनी विचारलं. त्या बिचाऱ्याला घरी जायचं होतं. त्याने साहेब म्हणतील तसं करून दिलं.

ग्रंथालय ज्या गल्लीच्या तोंडाशी होतं, तिच्या मधोमध एका निवृत्त बसवाहकाचं घर होतं. रस्ता रुंद करायचा म्हणून गल्लीतल्या घरांना पाडकामाच्या नोटिसा आल्या. ही गल्ली रुंदीकरणातून वगळल्याचा एक जुना आदेश वाहकाला आठवत होता. ग्रंथालयात बसून, डोळे चोळून चोळून त्याने तो शोधला आणि स्वतःच्या नावावर घेतला. पण छपाईचा माणूस निघून गेला होता.

"सापडला गं! उद्या छापून आणतो," असं बायकोला सांगून तो आनंदाने झोपला. सकाळी उठलाच नाही.

दिवसकार्य उरकल्यावर त्याची बायको धाकट्या दिराला घेऊन ग्रंथालयात आली. काउंटरवरच्या ताईंनी आदेशाचा क्रमांक घातला आणि पडद्याकडे पाहून ओठ चावला.

"काकू, तो बाहेर गेलाय."

"कोण बाहेर गेलाय?"

"आदेश. एका वाचकाने नेलाय. अजून परत केला नाही."

दीर काउंटरवर वाकला. "अहो ताई, तुमच्या या डब्यात आहे ना तो?"

"आहे ना. डब्यातच आहे. पण बाहेर आहे."

"नेलाय कोणी, ते तरी सांगा."

ताईंनी नाव वाचलं. काकू मटकन बाकावर बसल्या.

"कमाल आहे दादाची," दीर म्हणाला. "जन्मभर माझी एक वस्तू वेळेवर परत केली नाही. आता तर सवडच सवड आहे त्याला."

काकू साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी मनापासून दुःख व्यक्त केलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग म्हणाले, "परत करण्यासाठी सभासदाने समक्ष यावं लागतं, काकू."

"ते कसे येतील, साहेब?"

"तीच तर अडचण आहे."

"सोमवारी पाडायला येणार आहेत हो. नुसता डोळ्यांनी बघू द्या मला. त्या मुलीला लिहून घेऊ द्या."

"आज तुम्हाला दाखवला, तर उद्या कोण कशाला परत करेल?" साहेब हळुवारपणे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. नियम पाळताना त्यांना नेहमीच भरून येत असे.

ताईंना राहवेना. साहेब जेवायला गेल्यावर त्यांनी काकूंना जवळ बोलावलं. "मी नुसती 'सभासद मयत' अशी नोंद करते. खातं बंद झालं की त्यांच्या नावावरचं सगळं सुटेल. मग तुमच्या नावावर देते."

"देव तुझं भलं करो, पोरी."

ताईंनी नोंद केली. संगणकाने विचारलं, "नक्की?" ताईंनी काकूंच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं आणि 'हो' दाबलं.

आता मेलेल्या सभासदाकडे अडकलेलं पुस्तक गहाळ समजावं, हा ग्रंथालयाचा जुना नियम. गहाळ पुस्तकाचं कार्ड खणातून काढून टाकावं, हाही जुनाच. संगणकाला हे दोन्ही शिकवलेले होते. फरक इतकाच, की पूर्वी पुस्तक हरवलं म्हणून कार्ड जायचं. इथे कार्ड काढलं आणि त्याच्याबरोबर खुद्द आदेशच गेला.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

ताईंनी क्रमांक पुन्हा घातला; पडदा कोराच राहिला. मग म्हणाल्या, "सुटला, काकू. पार सुटला."

साहेब जेवून आले आणि प्रथम ताईंवर, मग नियमांवर न चिडण्याचा प्रयत्न करत त्यांनी संगणकवाल्याला निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशी आला. दुसरी प्रत असेलच ना कुठे? होती. रोज संध्याकाळी ती पहिल्या प्रतीबरोबर ताडून, तंतोतंत सारखी केली जात होती. आदल्या संध्याकाळीही केली गेली होती. यंत्रात काही खोट नव्हती.

मग साहेबांनी दार लावून घेतलं आणि सरकारी खात्याला फोन लावला. खात्यातल्या बाईंनी ऐकून घेतलं. "जुने आदेश ना? आम्ही ठेवत नाही. थांबा, जोडून देते." फोनवर बराच वेळ संगीत वाजलं. मग बाहेर काउंटरवरचा फोन वाजू लागला.

"नमस्कार, ग्रंथालय," ताई म्हणाल्या.

"मला एक जुना आदेश तातडीने हवा आहे," साहेब म्हणाले.

"तो आता मिळणार नाही, साहेब. आणि तुम्ही आतून फोन का करताय?"

शनिवारी काकूंच्या घरी ग्रंथालयाचा माणूस पत्र घेऊन आला. काकूंनी हात जोडले. त्यांना वाटलं, आदेशच आला. दिराने वाचून दाखवलं. कैलासवासी सभासदाने गहाळ केलेल्या दस्तऐवजाची त्याच आवृत्तीची नवी प्रत आणून द्यावी.

"वहिनी, त्याला वर निरोप पाठवायचा तर मलाच जावं लागेल," दीर म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही. तोही नाही.

सोमवारी पाडकामवाले आले. त्यांचा अधिकारी सभ्य होता. त्याने ते पत्र दोनदा वाचलं. "यात आदेश हरवल्याचं लिहिलंय. तो काय म्हणत होता, ते नाही लिहिलं." मग त्याने यंत्रवाल्याला खूण केली. घराची पुढची भिंत पडली आणि आतल्या खुंटीवर लटकणारा वाहकाचा खाकी शर्ट सगळ्या गल्लीला दिसला. काकू दिराला म्हणाल्या, "तेवढा काढून आणा हो." दीर धुळीत शिरला आणि शर्ट घेऊन आला. त्या वेळेपुरता यंत्रवाला थांबला.

दुपारनंतर यंत्र गल्लीच्या तोंडाशी आलं. साहेब धावत पायऱ्या उतरले. "अहो, हे ग्रंथालय आहे!"

"दिसतंय. पण गल्लीतच येतं. नोटीस लावली होती दारावर."

ती साहेबांनी पाहिली होती. बाहेरून आलेला कागद म्हणून दाखल क्रमांक देऊन आत ठेवायला सांगितली होती. "पण ही गल्ली वगळलेली आहे! तसा आदेश आहे!"

"दाखवा."

"होता आमच्याकडे."

"होता तो नको. आहे तो दाखवा. तुमच्याकडे सगळं कायमचं असतं म्हणे."

साहेब आत धावले. संगणक बाहेर काढायला वेळ मिळाला. पुस्तकांपैकी हाताला लागली तेवढी आली.

संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांचा संसार रस्त्याच्या कडेला होता. भांडी, गाद्या, फळ्या नसलेली कपाटं. काकू पदराने कढई पुसत होत्या. साहेब डगमगत आले आणि त्यांच्या सामानातल्या एका मोठ्या डब्यावर बसले. मग एकाएकी ताठ झाले.

"काकू, हा माझा अपराध आहे," ते म्हणाले. आवाज चढत गेला. "मी वरपर्यंत जाईन. मंत्र्यांना भेटेन. हा नियम मी स्वतः बदलून घेईन. या गल्लीवर जे झालं, ते पुन्हा कुठल्याही गल्लीवर होऊ देणार नाही! पुढच्या पिढ्या तुमचं नाव घेतील, काकू!"

आजूबाजूचे लोक ऐकायला थांबले. दिराने कोपरापासून नमस्कार केला की काय, ते अंधारात नीट दिसलं नाही.

काकूंनी कढई खाली ठेवली.

"साहेब, जरा उठता का?" त्या म्हणाल्या. "त्या डब्याचं झाकण वाकतंय. आत पीठ आहे."