राइट टाउन कॅपिटलचे फंड मॅनेजर

निवृत्त माणसाने मोबाइलवर मोकळी दिसेल ती जागा भरत बसू नये. मी बसलो.

झालं असं, की आमची मुलगी प्रणोती पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, ती नोकरी-धंदेवाल्यांची साइट असते ना, तिच्यावर प्रोफाइल बनवा. टाइम मस्त जाईल." बनवायला घेतलं. नाव लिहिलं, चंद्रशेखर डोंगरे. गाव लिहिलं, जबलपूर. मोबाइलमध्ये सापडला तो एक फोटो लावला. मग आली पदाची जागा. 'संरक्षण कारखान्यातून निवृत्त अप्पर डिव्हिजन क्लार्क' असं लिहून पाहिलं आणि वाचता वाचता मलाच जांभई आली. आजूबाजूला पाहावं तर कोणी फाउंडर, कोणी चीफ, कोणी नुसताच ग्लोबल.

आता, आमच्या राइट टाउन मोहल्ल्यातले आम्ही काही निवृत्त लोक मिळून एक भिशी चालवतो. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी वर्गणी टाकायची, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्याला रक्कम आणि बाकीच्यांना पोहे. डबा माझ्या ताब्यात असतो. म्हणून मी लिहिलं, 'फंड मॅनेजर, राइट टाउन कॅपिटल'. (खोटं काय होतं त्यात? फंड होता, मी तो सांभाळत होतो, आणि राइट टाउन तर म्युनिसिपालिटीलाही मान्य आहे.)

थोड्याच दिवसांत मला एक इंग्रजी पत्र आलं. इंदूरच्या कुठल्याशा कंपनीतल्या ऋचा नावाच्या मुलीचं. मोठमोठे गुंतवणूकदार अख्ख्या कंपन्या विकत घेतात, त्यांच्यासाठी विकाऊ कंपन्या शोधून आणणं हे तिचं काम. माझ्यासाठी तिने इथून जवळच्या मझौलीचा एक मटार गोठवण्याचा कारखाना शोधला होता. पण खरी गंमत पहिल्याच ओळीत होती. तिचा मराठी अर्थ असा : 'चंद्रशेखरजी, गाजावाजा न करता, योग्य वेळेची शांतपणे वाट पाहत उभं राहण्याची आपल्यासारखी ताकद मी फार थोड्या माणसांत पाहिली आहे.'

मी हे पत्र बसून वाचलं. मग उभं राहून वाचलं. अख्ख्या नोकरीत माझ्याविषयी एका साहेबाने एकदाच काही लिहिलं होतं, आणि ते होतं 'वेळेवर येतो'. इंदुरातल्या कुठल्याशा मुलीला माझ्यातली ताकद दिसली होती! माझा ऊर भरून आला, अगदी खरं सांगतो.

बायको, हेमलता, मटार सोलत होती. तिला वाचून दाखवलं.

"हे तुमच्याबद्दल लिहून राहिली ती?" ती म्हणाली. "नीट बघा. दुसरे कोणी चंद्रशेखर असतील."

त्या रागात मी उत्तर द्यायला गेलो. खाली तीन तयार उत्तरं दिसत होती. त्यातल्या सगळ्यात सभ्य वाटणाऱ्या उत्तरावर अंगठा ठेवला. त्याचा अर्थ 'जरूर, लवकरच भेटू' असा निघाला. प्रोफाइलवर नंबर होताच, लगेच तिचा फोन आला. "सर, थँक यू सो मच! मी गुरुवारी मझौलीला येतेच आहे, येताना आपल्याकडे येते. आपली इन्व्हेस्टमेंट कमिटी असेल ना, सर?"

त्या एका 'सर'मध्ये इतका आदर होता, की मी म्हणालो, "असेल ना. पूर्ण कमिटी असेल."

गुरुवारी कमिटी, म्हणजे आमची भिशी, जमली. सगळ्यांनी स्वेटरवर कोट चढवले होते. रेल्वेतले निवृत्त गार्ड चिंतामणी तर टाय बांधून आले. ते हेमलतेच्या कानाशी लागले, "वहिनी, डोंगरेजी एवढे मोठे आदमी आहेत, आम्हाला मालूमच नव्हतं."

"मलाही नव्हतं," हेमलता म्हणाली.

ऋचा रिक्षातून उतरली. बारीकशी, पाठीवर लॅपटॉपची बॅग, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. "मराठी घरात बोलतो आम्ही, पण माझी जरा ऐसीच आहे," म्हणत तिने आम्हा सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि लॅपटॉप उघडला. मटार कारखान्याचे मालक थकले होते, मुलं परदेशात, यंत्रं चांगली, माल चांगला, फक्त चालवणारा हवा. पोरगी इतकं सुरेख समजावत होती, की डब्यात तेवढे पैसे असते तर मी तिथल्या तिथे कारखाना घेतला असता. भिशीच्या बैठकीसाठी कूलर घ्यायचा तर आम्ही दोन उन्हाळे भांडलो होतो, आणि इथे सगळे एकमुखाने "वा, वा" करत होते. चिंतामणींनी एकच शंका काढली, कारखान्यापासून स्टेशन किती लांब.

मग ऋचाने मान वर केली. "सर, आपल्या फंडाची साइज साधारण किती आहे?"

मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात चिंतामणींनी कपाटावरचा डबा उतरवून तिच्यापुढे ठेवला. "ही घ्या," ते म्हणाले. "झाकण जरा टाइट आहे."

ऋचाने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणखी एखादी थाप सुचते का हे मी पाहिलं, पण त्या पोरीच्या डोळ्यांत बघून सुचेना. सांगून टाकलं. भिशी, चिठ्ठी, पोहे, सगळं. सांगता सांगता त्या पत्रातला तो ताकदवान माणूस माझ्याच बैठकीत विरघळून गेला.

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, मी पूरे देश के इन्व्हेस्टर्सना लिहिलं. एकेकाची माहिती काढून, एकेकासाठी वेगळं. उत्तर फक्त तुमचं आलं. या महिन्यात एक जरी खरा इन्व्हेस्टर भेटला नाही ना, तर साहेब म्हणून राहिले, घरी बस." आणि तिने डबा दोन्ही हातांनी अलगद माझ्याकडे सरकवला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेमलता पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. "कोणाकोणाला लिहिलं तू, बेटा?"

ऋचाने स्क्रीन फिरवली. हेमलतेने चष्मा लावला आणि एका नावावर बोट ठेवलं. "सुमेध किन्हीकर? आपल्या राजश्रीचा सुमेध?"

राजश्री म्हणजे हिची चुलत बहीण. तिचा मुलगा मुंबईत फार मोठा आहे एवढंच मला ठाऊक होतं. एका लग्नात तो दोन फोनवर एकदम बोलताना दिसला, तेव्हा मी घाबरून पंगत बदलली होती.

"आंटी, ते तर कधी मेलच उघडत नाहीत," ऋचा म्हणाली. "मी त्यांच्या मॅरेथॉनबद्दल किती छान लिहिलं होतं."

"पळण्याबद्दल काहून लिहायचं? त्याच्या पोटाचं विचारायचं," हेमलता म्हणाली आणि तिने फोन लावला. स्पीकरवर. "सुमेध? हेमामावशी बोलून राहिली. मीटिंगमध्ये आहेस? राहू दे मीटिंग. अॅसिडिटी कशी आहे? चहा सोडला का नाही? … अच्छा. आता ऐक. तुझ्या मुंजीत तू रुसून न्हाणीघरात कडी लावून बसला होतास, ते आहे ना लक्षात? मग खिडकीतून लाडू कोणी दिला? … हां. ह्या ऋचाने तुला इतकं मनापासून लिहिलं, अन् तू उत्तर नाही दिलं? राजश्रीला काय वाटेल? … सोमवारी? चलो, सोमवारी. अन् हिच्या साहेबांना फोन तू स्वतः करायचा. आज."

"हो मावशी," मुंबईतून आवाज आला. "प्लीज, आईला नका सांगू."

मी थक्क होऊन बायकोकडे पाहत राहिलो. एवढी वर्षं मी या बाईबरोबर संसार केला आणि एवढा अधिकार माझ्याच स्वयंपाकघरात आहे याचा मला पत्ता नव्हता. कमिटीतले दोघे तर नकळत उभे राहिले होते. ऋचा रडत होती, हसत होती आणि 'अॅसिडिटी' असं लॅपटॉपमध्ये टाइप करत होती.

निघताना दारात तिने हेमलतेला मिठी मारली. मी मात्र राहवेना म्हणून विचारलंच, "बेटा, खरं सांग. ती पहिली ओळ मशीनने लिहिली होती ना?"

"नाही सर, मी स्वतः लिहिली," ती म्हणाली. "तुमचा फोटो बघून. ते साडीच्या दुकानाबाहेर तुम्ही उभे आहात ना, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन? पीछे शटर आधं खाली आलंय, अन् तुम्ही एकदम शांत. मला वाटलं, हा माणूस कितीही थांबू शकतो."

म्हणजे ती ताकद माझीच होती! मी विजयी मुद्रेने हेमलतेकडे वळलो. "ऐकलंस? दुसरा कोणी चंद्रशेखर नव्हता. मीच होतो तो."

"तुम्हीच होते," ती म्हणाली. "दुकान चुकलं होतं. मी समोरच्या दुकानात होती."